गांजा, १८९३चा आयोग आणि विम्याची कलमे

(१/८) थ्रेड.
‘इंग्रजांनी भारतात गांजावर बंदी घातली’ हे विधान इतिहासप्रेमी तरुणांत वारंवार फिरते. ते चूक आहे आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही. दोष गेलेल्या सत्तेवर ढकलला की नागपुरातील कर्करोगाचा रुग्ण वैद्याने लिहून दिलेल्या विजया तेलाचा खर्च स्वतःच्या खिशातून का करतो, याचा जाब आज कोणाला विचारायचा हेच उमगत नाही.

(२/८) इंग्रजांनी गांजावर कर बसवला. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात खांडव्याच्या परिसरात परवान्याने लागवड होई. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात. महसूल गोड होता.

(३/८) ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सदस्यांत मध्य प्रांतातील अधिकारी अँड्र्यू फ्रेझर. १,१९३ साक्षीदार तपासून १८९४ मध्ये अहवाल आला: माफक सेवनाने सहसा अपाय नाही, अतिरेक घातक, संपूर्ण बंदी अनावश्यक.

(४/८) या अहवालातील सर्वांत वाचनीय भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा आहे. नोंदवह्यांत वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ सर्रास लिहिलेले असे. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा तपासले, तेव्हा अनेक नोंदींना आधारच सापडला नाही. कारणाचा रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून तो भरला गेला होता. वसाहतवादी सरकारच्या आयोगाने निदान रकाना तपासण्याचे कष्ट तरी घेतले!

(५/८) बंदी आली ती स्वतंत्र भारताच्या १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने, १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाठोपाठ. तरीही याच कायद्याने वैद्यकीय वापराला वाव ठेवला आणि केवळ पानाला, म्हणजे भांगेला, ‘गांजा’च्या व्याख्येबाहेर ठेवले. आयुर्वेदातील विजयायुक्त औषधे या वाटेने कायदेशीर राहिली.

(६/८) विम्याची कलमे मात्र इस्पितळातील त्या नोंदवह्यांसारखी वापरता येतात. २०१९च्या प्रमाणित अपवादांत व्यसनाधीनतेवरील उपचार वगळले आहेत. पण व्यसनावर उपचार करणे वेगळे आणि अमली द्रव्याने वेदनेवर उपचार करणे वेगळे. मॉर्फिन अफूचेच अपत्य. रुग्णालयाच्या बिलात ते आले म्हणून कोणी रुग्णाला व्यसनी ठरवत नाही. दुसरा अपवाद ‘सिद्ध न झालेल्या उपचारां’चा. केमोथेरपीतील उलट्या आणि बालवयातील काही दुर्धर अपस्मार यांबाबत गांजातील घटकांपासून बनलेल्या औषधांचा पुरावा भक्कम आहे. इतर कित्येक विकारांत तो तोकडा. (बाटलीवरचा प्रत्येक दावा खरा मानावा, असे येथे कोणी म्हणत नाही.) म्हणून निर्णय आजारागणिक आणि औषधागणिक व्हायला हवा, वनस्पतीच्या नावावरून नव्हे.

(७/८) विमा नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. कागदावर उत्तम. परंतु बहुतेक पॉलिसी दाखल रुग्णालाच पैसे देतात आणि हे तेल रुग्ण घरी, अंथरुणावर, महिनोन्महिने घेतो. बरोबरी रुग्णालयाच्या दारातच संपते.

(८/८) जर्मनीने मार्च २०१७ पासून गंभीर रुग्णांसाठी हा खर्च वैधानिक आरोग्य विम्यावर टाकला. तेव्हा पूर्वपरवानगी लागत असे, पण नकार द्यायचा तर तो सकारण आणि अपवादानेच. आपल्या नियामकानेही पुरावा असलेल्या आजारांची यादी जाहीर करावी, घरी घेतलेल्या औषधाचा त्यात समावेश करावा आणि दावा नाकारणाऱ्या कंपनीकडून वैद्यकीय कारण लेखी मागावे.