गाण्याचं सोवळं-ओवळं

'अमका कलाकार बाजारू झाला' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालं आहे. पण मंडळी, हा रोग फक्त आपलाच नाही. अमेरिकेत 'कंट्री' नावाचं, खेड्यापाड्यातल्या माणसांचं म्हणून ओळखलं जाणारं संगीत आहे. तिथलेही सोवळेकरी तसलेच! १९७७ साली त्यांनी डॉली पार्टन या गायिकेला असंच धारेवर धरलं.

बाईंचा गुन्हा काय, तर 'हिअर यू कम अगेन' हा अल्बम. कंट्रीची पंढरी नॅशव्हिल, ती सोडून ध्वनिमुद्रण केलं लॉस एंजेलिसला. निर्माता गॅरी क्लाइन, तोही बाहेरचा. शीर्षकगीत बॅरी मॅन आणि सिंथिया वाइल या न्यूयॉर्कच्या पॉप गीतकार जोडप्याचं. 'जोलीन'सारखी गाणी स्वतः लिहिणाऱ्या बाईनं दुसऱ्याचं गाणं घ्यावं? झालं, बाटली!

बाईंनाही धास्ती होतीच. गाणं फारच पॉप होतंय असं वाटून त्यांनी क्लाइनकडे हट्ट धरला, की यात स्टील गिटार घालाच. उद्या कुणी बोट दाखवलं तर 'ही बघा' म्हणता यावं! मग अल पर्किन्सनं ती वाजवली.

आता गंमत बघा. शुद्ध कंट्रीची खूण मानलेली ही स्टील गिटार मूळची कुठली? हवाई बेटांवरची! तारांवर पोलादी तुकडा फिरवून वाजवायची रीत तिथून विसाव्या शतकात अमेरिकाभर पसरली. पायाच्या पेडलची गिटार तर वेब पिअर्सच्या 'स्लोली' या १९५४ च्या गाण्यामुळे गाजली. म्हणजे सोवळ्याचं वय अवघं तेवीस वर्षं. (आपल्या भजनातली पेटी तरी कुठून आली? युरोपातूनच ना. असो.)

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. डॉलीबाई टेनेसीच्या डोंगरातल्या. बारा भावंडं, वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरला पैशांऐवजी मक्याचं पीठ दिलेलं. अशा घरातून आलेल्या बाईनं जन्मभर डोंगरातलंच गावं, हा आग्रह कुणाचा? ज्यांना तिथं राहावं लागत नाही त्यांचा. खेड्यातला मुलगा शहरी बोलू लागला की 'गाव विसरला' म्हणून नाक मुरडणारे मी शाळेत पुष्कळ पाहिले. त्यांची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत!

अल्बम थोर आहे असं माझं म्हणणं नाही. काही गाणी मला गुळगुळीत वाटतात, आणि तसं खुशाल म्हणावं. पण त्यासाठी आधी ऐकावं लागतं. दहापैकी चार गाणी बाईंचीच आहेत. त्यातलं 'मी अँड लिटल अँडी' हे वादळी रात्री आसरा मागायला आलेल्या लहान मुलीचं आणि तिच्या कुत्र्याच्या पिल्लाचं गाणं जुन्या डोंगरी शोकगीतांच्या जातकुळीचं आहे. अल्बम तोच, बाटलेला! ते गाणं ऐकून कुणी 'डोंगर विसरली' म्हणणार असेल तर त्याच्या कानांबद्दल मला शंका आहे.

शीर्षकगीत कंट्रीच्या यादीत पहिलं आलं आणि सर्वसाधारण यादीत तिसरं. १९७८ साली नॅशव्हिलच्याच कंट्री संगीत संघटनेनं बाईंना वर्षातील सर्वोत्तम कलावंत ठरवलं. १९७९ मध्ये 'हिअर यू कम अगेन'ला ग्रॅमी मिळालं. कुठल्या गटात म्हणाल? कंट्री!