यंत्रगुरू आणि कलावंताची मिळकत

परंपरागत नाट्यकलांच्या शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करावा, ही सूचना आता केवळ कुतूहलाची राहिलेली नाही. कॅमेऱ्यासमोर धरलेली हस्तमुद्रा ओळखून तिच्यातील दोष दाखविणे यंत्राला साधू लागले आहे. तेव्हा यंत्र गुरूची जागा घेईल काय, हा भावनेचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून, यंत्रामुळे नेमके काय स्वस्त होते आणि काय महागच राहते, हे पाहणे अगत्याचे आहे.

बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली एक मर्मभेदी विचार मांडला. कारखान्यातील श्रमाची उत्पादकता वाढत जाते. रंगमंचावरील श्रमाची तशी वाढत नाही. इतरत्र वेतनमान चढले की कलेचा खर्चही चढतो, उत्पन्न मात्र मागे राहते. शिष्याला घडविण्याचे काम याच वर्गात मोडते. म्हणून यंत्राचा मोह स्वाभाविक आहे.

तो सर्वस्वी अनाठायीही नाही. कथकलीच्या २४ मूळ मुद्रा गिरविण्यासाठी प्रत्येक वेळी आचार्यांनी समोर बसलेच पाहिजे असे नाही. शिवाय विद्येची दारे उघडण्याला परंपरेतच आधार आहे. केरळातील चाक्यार घराण्यांनी जपलेले कूडियाट्टम १९६५ साली केरळ कलामंडलम् या संस्थेत शिकविले जाऊ लागले आणि जातीबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही ते खुले झाले. त्याने कला बाटली नाही, उलट तगली. २००१ साली युनेस्कोने तिचा जागतिक गौरव केला.

परंतु मुद्रा म्हणजे अभिनय नव्हे. कूडियाट्टमचा नट एकाच प्रसंगाचा नेत्राभिनयाने तासन् तास विस्तार करतो. कोठे थांबावे, हे तो गुरूच्या सहवासात शिकतो. आपल्याकडील दशावताराची गोष्ट आणखी बोलकी आहे. तेथे आख्यान ठरलेले असते, पण संवाद लिहिलेले नसतात. समोरच्या पात्राच्या वाक्यातून पुढचे वाक्य सुचते आणि जत्रेतील प्रेक्षक त्याची तत्काळ परीक्षा घेतात. ही शाळा प्रयोग चालू राहिले तरच चालते.

याहून गंभीर प्रश्न मिळकतीचा आहे. यंत्र शिकते ते कलावंतांच्याच ध्वनिचित्रफितींवरून. प्रताधिकार कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या प्रयोगावर विशेष हक्क दिला. तो आज ५० वर्षे टिकतो. पण पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेल्या अभिनयपद्धतीचा धनी कोण, याचे उत्तर त्यात नाही. कच्चा माल फुकट उचलावा आणि पक्का माल विकावा, हा व्यवहार वसाहतींच्या इतिहासामुळे आपल्या परिचयाचा आहे.

म्हणून सरकारी पैशाने अशी साधने तयार होणार असतील, तर दोन अटी आधीच घातल्या पाहिजेत. कलावंताची लेखी संमती व उत्पन्नातील वाटा ही पहिली; आणि यंत्रामुळे वाचलेला गुरूचा वेळ वरच्या शिक्षणासाठी, पूर्ण वेतनासह, राखून ठेवणे ही दुसरी. नाट्यकलेकडे तरुण वळत नाहीत ते शिकविणारे दुर्मिळ म्हणून जितके, तितकेच शिकल्यावर पोट भरत नाही म्हणूनही. यंत्र पहिली अडचण थोडी हलकी करील. दुसरी दूर करणे हे समाजाचे आणि शासनाचे काम आहे. ते यंत्रावर सोपवून मोकळे होता येणार नाही.