संगणक अडकला, माणूस का अडकवता?

आपल्या खर्ड्यातल्या एका केंद्रात जुन्या संगणकावर विंडोज 11 टाकलं, तेव्हापासून तो सुरू होतानाच अडकतोय. लोक जामखेडला हेलपाटे घालतायत. पोरांच्या प्रवेशाची मुदत थोडीच थांबणारे?

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, मान्य. पण विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम अन् टीपीएम 2.0 लागतं. मशीनला झेपतं का, हे आधी कुणी बघितलं? चालू होताना दोन-तीनदा बंद केलं की रिकव्हरीचा पर्याय येतो. 10 दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परतही जाता येतं. ते करायचं कुणी, हेच ठरलेलं नाही!

आधी बॅकअप, मग अपग्रेड. तोवर अर्ज कागदावर घ्या.