कौले चाळताना कंबर सांभाळा

मे महिना अर्धा सरला की मलकापूर आणि आसपासच्या वाड्यांतून शिड्या बाहेर निघतात. आंबा घाटाकडून येणारा पाऊस आपल्याकडे कसा कोसळतो, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. वळवाच्या वाऱ्याने सरकलेली आणि वानरांनी फोडलेली कौले मृगाच्या आत चाळून घ्यावीच लागतात. त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यांत तरुण थोडे, पन्नाशी-साठी ओलांडलेलेच अधिक.

गेल्या वर्षी त्रेसष्ट वर्षांचे एक शेतकरी असेच आले. दोन दिवस एकटेच छपरावर होते. खुर्चीत बसताना दोन्ही हात टेकावे लागत होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक सुई मारा. अजून निम्मं पाखं ऱ्हायलंय." मी नकार देताच त्यांना राग आला. "तीस वर्षं चढतोय, कधी काय झालं न्हाई!"

हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. ते खोटे नसते, आणि फसगत नेमकी तिथेच होते. तीस वर्षांपूर्वी हाच माणूस बारा महिने नांगर, पाटी, ओझे यांत मुरलेला होता. आज नांगरट ट्रॅक्टरने होते, बाजाराला मोटारसायकलने जाणे होते, आणि वर्षातून चार दिवस मात्र एकदम छपरावर चढणे होते. शरीराला वयापेक्षा हे अचानक पडलेले काम जास्त भोवते.

तिशीनंतर स्नायूंचे प्रमाण दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते, साठीनंतर हा वेग वाढतो. मणक्यांमधल्या चकत्यांतील पाणी कमी होऊन त्या कडक होतात. आता हिशेब करा. एक मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचे. दोनशे कौले हलवली म्हणजे चार-पाच क्विंटल वजन झाले, तेही वाकून, अंग पिळून आणि एका पायावर तोल सावरत. कंबर तेव्हाच बोलत नाही. काम करताना अंग तापलेले असते, मन कामात असते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठता येत नाही, तेव्हा हिशेब कळतो.

त्यात मे महिन्याचे ऊन. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी वाकून एकदम उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न्याहारी चुकवली तर साखर उतरून घेरी येते. जुन्या मधुमेहात तळपायाला स्पर्श कळेनासा होतो, मग पाय रिपेवर आहे की नुसत्या कौलावर, हेही समजत नाही. जमिनीवर चक्कर आली तर माणूस खाली बसतो, छपरावर आली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून औषधे परस्पर बंद करू नका, वर चढणे बंद करा.

मीही पन्नाशी ओलांडलेला आहे आणि शहाणपण मलाही उशिराच आले. तीन वर्षांपूर्वी आमच्या पडवीची "चारच तर कौले" म्हणून मी शिडीवर चढलो. चारची वीस झाली. पुढचे आठ दिवस रुग्ण तपासताना मला खुर्चीतून उठवत नव्हते, आणि रुग्णच मला विचारत होते, "डॉक्टर, तुम्हाला काय झालं?"

माझे मत स्पष्ट आहे. पन्नाशीनंतर छपराचे काम एकट्याने करू नये आणि साठीनंतर छपरावर चढूच नये. याचा अर्थ म्हाताऱ्याने कोपऱ्यात बसावे असा नाही. कोणते कौल कुठे बसते, पाणी कुठून मुरते, हे त्यालाच ठाऊक असते. त्याने खाली उभे राहून शिडी धरावी, कौले निवडावीत, सांगावे. मुंबई-पुण्याला असलेली मुले मे महिन्यात गावी येतात. जत्रा आणि लग्ने उरकून परतण्याआधी त्यांनी दोन दिवस छपराला द्यावेत. "बाबा, तुम्ही चढू नका" असे फोनवरून सांगणे सोपे असते. ते जमत नसेल तर गड्याची मजुरी पाठवावी. माझ्याकडचे एक रुग्ण मजुरी वाचवायला चढले आणि शिडीवरून पडून टाचेचे हाड मोडून घेतले. भाताची लावण त्यांनी खाटेवरून पाहिली. वाचलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च झाला.

ज्यांना काम करणे भागच आहे, त्यांनी एवढे पाळावे. काम चार दिवसांत वाटून घ्या आणि सकाळी दहाच्या आत आटोपा. न्याहारी करून, पाणी पिऊन कामाला लागा. ओझे उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे वाकवा आणि वजन पोटाशी धरा. शिडी चार फूट उंच टेकवायची तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर हवा. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो दगा देतो.

साधी कंबर धरली तर दिवसचे दिवस पडून राहू नका. शेक घ्या, झेपेल तेवढे हिंडा-फिरा. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मनाने खाऊ नका, उतारवयात त्या मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करतात. पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. काम करताना छाती भरून आली, दरदरून घाम सुटला, तर "उसण भरली" म्हणून चोळत बसू नका. आणि पडलेल्या माणसाला काखेत धरून उठवू नका, मणका मोडला असेल तर पाय कायमचे जाऊ शकतात. त्याला हलवू नका, १०८ ला फोन करा.

त्या शेतकऱ्याचे उरलेले पाखे शेजारच्या पोराने दुपारपर्यंत चाळून दिले. हे स्वतः अंगणात खुर्ची टाकून सूचना करत होते. पाऊस आला, घर गळले नाही. यंदा ते दवाखान्यात आले ते नातवाचा खोकला दाखवायला, आणि ताठ चालत आले.