धुरावरचं मटण आणि आपल्या चान्या

सिल्वासाजवळच्या खडोलीत कारखान्यात नोकरीला असलेल्या, मूळच्या आपल्याच भागातल्या एका वाचकाने पत्रातून विचारलं आहे, ‘टीव्हीवर अमेरिकेतलं बारा-बारा तास धुरावर शिजवलेलं बीफ दाखवतात. ते ब्रिस्केट आपल्या घरी होईल का?’ होईल. जे खात नाहीत त्यांना अर्थातच आग्रह नाही.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीवर नाही. कर्नाटकात 2021 पासून लागू झालेल्या कायद्यात फक्त 13 वर्षांवरच्या म्हशीची मुभा आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे नियम बदलतो, तेव्हा आपल्या गावचा नियम विचारून, परवाना असलेल्या दुकानातूनच म्हशीचं मांस घ्यावं.

ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा भाग. गुराला गळपट्टीचं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या अंगाचा भार या स्नायूंवर येतो आणि मांस चिवट होतं. टेक्सासमध्ये एकोणिसाव्या शतकात आलेले जर्मन आणि चेक खाटीक न खपलेलं मांस धुरावर ठेवत. त्यातूनच पुढे तिथला हा मानाचा पदार्थ झाला.

हे वाचून आपल्याकडच्या अनेक घरांना चान्या आठवतील. मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात दोरीवर वाळवायच्या, तुकडे करून ठेवायचे आणि नड असेल तेव्हा निखाऱ्यावर भाजायचे किंवा कालवणात टाकायचे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरातली ही विद्या लिहून ठेवली. 2024 मध्ये ते इंग्रजीतही आलं. वाट्याला आलेलं मांस वाया जाऊ न देणं, हेच टेक्साससारखं इथेही होतं. तिकडे त्याचं हॉटेल झालं. इकडे दोरीवरच्या चान्या पाहुणा आला की घाईने आत न्याव्या लागत. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं डॉ. आंबेडकरांनी 1927 मध्ये महाडला सांगितलं, ते माणसाच्या प्रतिष्ठेसाठी. पण भूक भागवण्यासाठी बायकांनी जमवलेली हातोटी लाजिरवाणी नव्हती. आज वर्गातली मुलं ‘बार्बेक्यू’ मोठ्याने म्हणतात आणि ‘चान्या’ म्हणताना आवाज खाली आणतात. ते मला खटकतं.

आता कृती. चरबीचा थर असलेला दोन किलोचा तुकडा घ्या. किलोला 15 ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी भरड काळी मिरी लावा. म्हशीचं मांस कोरडं असतं, म्हणून थोडं तेलही लावा. झाकणाच्या शेगडीत एका बाजूला निखारे (कन्नडमध्ये ‘केंड’), दुसऱ्या बाजूला पाण्याचं भांडं आणि त्यावर जाळीवर मांस, असं मांडा. निखाऱ्यावर बाभळीच्या किंवा आंब्याच्या सुक्या लाकडाचे तुकडे टाका. रंग लावलेलं लाकूड किंवा प्लायवूड नको. आच 110 ते 120 अंश ठेवा. पाच तासांनी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून पुन्हा ठेवा. आतलं तापमान 65-70 अंशांवर बराच वेळ थबकतं, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडताना उष्णता घेतं. तेव्हा घाबरून आच वाढवू नका. चिवट तंतू हळूहळू विरघळून मऊ होतात. आत 93-95 अंश झाले आणि सुई लोण्यात जावी तशी गेली, की उतरवा. तासभर झाकून ठेवा आणि रेषांना आडवं कापा. हे सगळं अंगणात किंवा गच्चीवरच करावं. बंद खोलीतला कोळशाचा धूर जीव घेतो.

खडोलीतल्या वाचकासारखे फ्लॅटमध्ये राहणारे असाल, तर मांस कुकरमध्ये मंद आचेवर पाऊण तास शिजवा. मग लाल निखारा वाटीत ठेवून त्यावर चमचाभर तूप सोडा आणि पातेलं पाच मिनिटं झाका. खिडकी मात्र उघडी हवी. अमेरिकेची चव येणार नाही, पण धुराची नक्की येईल.

ज्वारीची भाकरी आणि कांदा घेऊन बसा. घरात कुणा आजीला चान्यांची कृती येत असेल, तर त्याच जेवणात तिला विचारून वहीत उतरवून घ्या.