तांबड्या मातीचे सुतक कोणी धरायचे?

माणूस गेला की आपण दहा दिवस सुतक धरतो, तेराव्याला चार घास वाढतो, वर्षाने श्राद्धही घालतो. एखादे वाचनालय बंद पडले तर गावातला एखादा तरी गृहस्थ वर्तमानपत्राला पत्र लिहितो. पण खेळाची स्पर्धा मेली, तर तिची मृत्युतिथीसुद्धा कोणाच्या टिपणवहीत सापडत नाही. मुंबई इलाख्याची हार्ड कोर्ट टेनिस स्पर्धा अशीच बिनवारशी गेली. ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचक विचारतील, की या पिंप्राळ्याच्या माणसाला टेनिसचा एवढा पुळका कशाला? पुळका टेनिसचा नाही, वाचकहो. पुळका आहे तो मातीचा, आणि राग आहे तो माती सोडून सिमेंटच्या मागे लागलेल्या आमच्या शहाणपणाचा.

आधी नावाचा घोळ मिटवू. आज 'हार्ड कोर्ट' म्हटले की डोळ्यांपुढे सिमेंटवर निळा-हिरवा रंग फासलेले मैदान येते. साहेबाच्या बोलीत मात्र हिरवळीचे ते 'लॉन' आणि हिरवळ नसलेले ते 'हार्ड', मग ते मातीचे का असेना. इंग्लंडात बोर्नमथ येथे भरणारी 'ब्रिटिश हार्ड कोर्ट' स्पर्धा मातीवरच खेळली जाई. हौशी आणि धंदेवाईक खेळाडूंना एका मैदानात उतरू देणारी जगातली पहिली खुली स्पर्धा १९६८ च्या एप्रिलात झाली, ती याच मातीवर, आणि केन रोझवॉल तेथे अजिंक्य ठरला. इतका मान मिळालेली ती स्पर्धाही आता इतिहासजमा झाली आहे, एवढेच आमच्या इलाख्याच्या स्पर्धेचे समाधान!

आमच्याकडे तर हिरवळ म्हणजे लाटसाहेबाच्या बंगल्याचा थाट. जिल्ह्याच्या गावी अंमलदारांच्या क्लबात कोर्ट असे ते मुरमाचे, नाहीतर मातीवर शेणाचा हात फिरवलेले. हसू नका. हिंदुस्थानातले कितीतरी नामांकित खेळाडू शेणाने सारवलेल्या कोर्टावर खेळून मोठे झाले. आमच्या आजीने अंगण ज्या कारणासाठी सारवले, त्याच कारणासाठी माळ्याने कोर्ट सारवले: धूळ बसावी, माती बांधली जावी, पाय घसरू नये.

या इलाख्याच्या स्पर्धेत १९२७ साली अजिंक्यपद मिळवले ते पंडिता क्षमाबाई राव यांनी. आजच्या किती मराठी घरांत हे नाव ठाऊक आहे? क्षमाबाई पुण्यात १८९० साली जन्मल्या. वडील शंकर पांडुरंग पंडित म्हणजे वेदांचे आणि कालिदासाचे गाढे व्यासंगी. मुलगी जेमतेम चार वर्षांची असताना ते गेले. पुढे याच मुलीने संस्कृतात गांधीजींच्या लढ्यावर 'सत्याग्रहगीता' हे काव्य रचले आणि ते १९३२ साली पॅरिसला छापले गेले. एका हाती रॅकेट आणि दुसऱ्या हाती अनुष्टुभ छंद! त्यांची कन्या लीला राव १९३४ साली विम्बल्डनला एक सामना जिंकून आली. तेथे सामना जिंकणारी ती पहिली हिंदी स्त्री. म्हणजे आई मातीवर आणि मुलगी हिरवळीवर. असे मायलेकींचे घराणे फ्रान्सात झाले असते तर त्यांच्या नावाने एखादा रस्ता तरी झाला असता. आम्ही मात्र मुलींना खेळू द्यावे की नाही, यावर अजून दिवाळी अंकांतून परिसंवाद भरवतो. पण ते असो.

अशी स्पर्धा मेली कशी? विचारले की दोन उत्तरे ठरलेली. पहिले उत्तर देणारे म्हणतात, ते साहेबाचे खूळ होते, साहेबाबरोबर गेले, बरे झाले. दुसरे म्हणतात, क्रिकेटने सगळे खाल्ले. दोन्ही उत्तरे ऐकायला सोयीची आहेत, कारण दोहोंतही दोष आपल्याकडे येत नाही.

साहेबाचे खूळ म्हणाल तर क्रिकेट काय पेशव्यांनी आणले? आणि क्रिकेटने खाल्ले म्हणाल, तर क्रिकेटचीही एक स्पर्धा मेलीच की. मुंबईचा चौरंगी, १९३७ पासून पंचरंगी झालेला सामना पाहायला हजारोंची झुंबड उडे. पण धर्मावर संघ पाडण्याची ती रीत देशाला मानवेना, गांधीजींनी १९४० साली तिच्याविरुद्ध आपले मत दिले, आणि १९४६ नंतर तो सामना थांबला. तो थांबायलाच हवा होता. पण तो थांबण्याआधी बारा वर्षे रणजी करंडक सुरू झालेला होता. प्रांताप्रांताच्या पोरांना खेळायला दुसरे दार उघडे होते. टेनिसमध्ये जुने दार बंद झाले तेव्हा दुसरे कोठे होते? इलाखा गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, मंगल कलश आला. पण जळगाव-धुळ्याच्या, सांगली-सोलापूरच्या पोराने दरसाल मातीवर उतरून मुंबई-पुण्याच्या पोराला आव्हान द्यावे, अशी एक ठरलेली तिथी काही आली नाही.

सांगलीवरून आठवले. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर हे आपले थोर बॅडमिंटनपटू. पण ते आधी टेनिस खेळत. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हार पत्करल्यावर त्यांनी फूल हाती घेतले, आणि १९५६ साली परदेशातले बॅडमिंटनचे अजिंक्यपद मिळवणारे पहिले हिंदी खेळाडू ठरले. बॅडमिंटनचे भाग्य! त्यांचे चिरंजीव गौरव पुन्हा टेनिसकडे वळले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत लिएंडर पेस यांच्या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक घेऊन आले. तेव्हा मराठी रक्तात टेनिस नाही, हे कोणी आम्हांला सांगू नये.

खरे कारण आमच्या मते फाटकात आहे. जिमखान्याच्या फाटकात! बॉम्बे जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नसे, म्हणून पारशांनी, मुसलमानांनी, हिंदूंनी आपापले जिमखाने काढले. हिंदूंचा १८९४ साली निघाला. फाटकाला फाटक उभे राहिले. स्वराज्य आले तेव्हा फाटकावरचा गोरा पाहरेकरी गेला, पण फाटक तसेच राहिले. जिल्ह्याच्या क्लबात कलेक्टरसाहेब खेळत होते, नंतर कलेक्टर रावसाहेब खेळू लागले. चेंडू उचलून देणारा पोरगा मात्र चेंडू उचलूनच देत राहिला. ज्या खेळात गावाचा वाटा केवळ चेंडू वेचण्याचा, तो खेळ मेला तर गाव कशाला रडेल? मग किती ठिकाणी त्या कोर्टांवर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि लग्नाचे मांडव पडू लागले. कोणी हू की चू केले नाही.

पुढच्या दोन स्पर्धांची कथाही तीच आहे. १९७३ साली 'इंडियन ओपन' सुरू झाली. तिचे बिऱ्हाड कायम पाठीवर: आज दिल्ली, उद्या मुंबई, परवा कलकत्ता, मग बंगळूर. मुंबईला ती १९७४, १९७७ आणि १९७९ साली मातीवर झाली आणि शेवटच्या दोन्ही वेळा विजय अमृतराज यांनी ती जिंकली. आपला माणूस आपल्या मातीवर जिंकतो आहे, याहून दुसरे काय हवे? पण त्यानंतर ती बंद पडली. जिचे बिऱ्हाडच ठरलेले नाही तिला माहेर कोठले!

दुसरी कथा तर कालची. १९९६ पासून दिल्लीत आणि मग वीस वर्षे चेन्नईत नांदलेली स्पर्धा २०१८ साली पुण्याच्या बालेवाडीला आली. महाराष्ट्र ओपन! नाव वाचून आमचीही छाती फुगली. पुढे काय झाले? २०२१ साली साथीमुळे ती झालीच नाही, २०२३ च्या जानेवारीत शेवटची झाली, आणि पुढच्या वर्षी तोच आठवडा हाँगकाँगला गेला. पाच खेळांत खेळ खलास. तेथील मैदान सिमेंटी रंगाचे, स्पर्धेच्या नावात उद्योगसमूहाचे नाव, मुख्य खेळाडू विमानाने येणार आणि विमानाने जाणार. त्यात महाराष्ट्राचे होते काय? आठवडा विकत घेतला होता, तो विकून गेला. तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

आता कोणी जाणकार म्हणतील, अहो, जग सिमेंटवर खेळते, माती हे मंद मैदान, आपल्या पोरांना तिथे काही जमत नाही. या जाणकारांना आम्ही फक्त पॅरिसचा हिशेब विचारतो. तेथली रोलाँ गारोसची तांबडी मैदाने म्हणजे चुनखडीच्या थरावर पसरलेला भाजल्या विटांचा एक-दोन मिलिमीटर भुगा, दुसरे काही नाही. त्या विटेच्या भुग्यावर १९७९ साली रमेश कृष्णन कुमारांचा अजिंक्य ठरला. हिंदी माणसाला ग्रँड स्लॅमचे पहिले विजेतेपद मिळाले ते १९९७ साली त्याच भुग्यावर; महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकी हिच्या जोडीने मिश्र दुहेरी जिंकली. १९९९ साली पेस-भूपती तेथेच जिंकले, २०१७ साली रोहन बोपण्णाही तेथेच. माती आपल्याला परकी म्हणणाऱ्यांनी हे आकडे फराळाच्या ताटाशेजारी ठेवावेत.

मातीचा गुण असा, की चेंडू पडला की ती त्याचा वेग थोडा पिऊन टाकते आणि त्याला उंच उडवते. नुसत्या दणक्याने तेथे भागत नाही. एकेका गुणासाठी वीस-वीस फटके मारावे लागतात. पाय हवेत, दम हवा, डोके हवे. हे खानदेशच्या पोराला नवे आहे काय? ज्याने यात्रेतल्या कुस्तीच्या हौद्यात माती अंगाला चोळली, त्याला ही माती ओळखीचीच वाटेल. आणि गुडघ्यांना ती सिमेंटपेक्षा कितीतरी दयाळू आहे.

अडचणी आहेत, नाही कशाला म्हणू? आमची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर कोर्ट टिकत नाही. ती उकरून खाली दगड-खडी आणि वर मुरूम भरावा लागतो. ४५ अंशांच्या उन्हात पाणी किती मारायचे, हाही प्रश्नच. पण वैशाखात खेळा असे सांगतो कोण? कार्तिकापासून माघापर्यंत चार महिने आमच्यासारखी हवा अवघ्या महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. आणि मातीची ओळख तर आमच्या रक्तात आहे. पांढरीची माती आणून तिचे धाबे घालायचे, दरसाल पावसाआधी ते चोपून घ्यायचे, अशी घरे बांधून आमचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या कोरडे झोपले. सिमेंटला एकदाच पैसा लागतो, मातीला रोज माणूस लागतो. आणि नेमका तोच आमच्या योजनांत कोठे बसत नाही. ठेकेदाराला मुरमात काय मिळणार!

रोज माणूस कसा मिळतो, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी आषाढी एकादशीला आमच्या पिंप्राळ्यात यावे. येथला रथ पाहावा. जळगावचा श्रीरामाचा रथ अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला, तो कार्तिकी एकादशीला निघतो, आमचा आषाढीला. एवढा प्रचंड लाकडी डोलारा गल्लीबोळांतून फिरतो. दोर ओढायला माणसे ठरलेली, चाकाखाली मोगरी लावून त्याला वळवणारी ठरलेली, आरतीची घरे ठरलेली. कोणाला पगार नाही आणि कोणा कंपनीचे नाव नाही. सरकारे बदलली, पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला, पिंप्राळे महापालिकेत गेले, तरी रथ निघायचा राहिला नाही. कारण तो कोणा एकाचा नाही. प्रत्येकाच्या हाती त्याचा एकेक वीत दोर आहे.

स्पर्धेचे काम याहून अवघड आहे, असे आम्हांला वाटत नाही. टेनिसचे मैदान ७८ फूट लांब आणि ३६ फूट रुंद. भोवतालची मोकळी जागा धरली तरी एका शाळेच्या पटांगणाच्या कोपऱ्यात ते मावते. जिल्ह्यातल्या दहा शाळांनी दहा कोपरे द्यावेत. मुरूम नदी-नाल्याकाठी आहे, शेण गोठ्यात आहे. क्लबांनी आपली पडीक कोर्टे सकाळी दोन तास शाळांना मोकळी करावीत. त्याने त्यांच्या चहाला काही कमीपणा यायचा नाही. जळगावचा रथ झाला की पुढच्या रविवारी खानदेशची मातीवरची स्पर्धा, मुलांची आणि मुलींची, दरसाल, पैसा असो वा नसो, त्याच तिथीला. मुलींच्या करंडकाला क्षमाबाईंचे नाव द्यावे. सरकारकडे मागायचेच असेल तर एक मागावे: बालेवाडीच्या एका आठवड्यावर जेवढे उधळले, त्याचा शंभरावा हिस्सा रोलर आणि जाळी यांसाठी.

आणि पहाटे उठून तो रोलर ओढायला कोणत्या गल्लीतले कोण येणार, याची यादी आधी करावी. पाहुण्यांची यादी मागाहून केली तरी चालेल.