गोदामाची जागा गावाने ठरवावी

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले सिंदी (रेल्वे) विदर्भाला ठाऊक आहे ते तान्ह्या पोळ्यामुळे. यापुढे ते ट्रेलर आणि कंटेनरच्या नकाशावरही दिसेल. भारतमाला योजनेतला मल्टी-मोडल लॉजिस्टिक पार्क सिंदीला उभा करायचे ठरले आहे. जमीन जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाची, क्षेत्र 150 एकर, एकूण खर्च 673 कोटी रुपये. काम तीन टप्प्यांत होणार असून पहिला टप्पा 137 कोटींचा आहे.

गोष्ट एका पार्कवर थांबणार नाही. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लॉजिस्टिक धोरण मंजूर केले. त्यात नागपूर-वर्धा परिसरात 1,500 एकरांवर राष्ट्रीय मेगा लॉजिस्टिक हब धरला असून त्यासाठी 1,500 कोटींची तरतूद सांगितली आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग वर्धा-सेवाग्रामला एकत्र येतात आणि समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, त्यामुळे निवड चुकीची म्हणता येणार नाही. रोजगार हवाच आहे. पण सरकारी पार्कच्या कुंपणाबाहेर, रस्त्यालगतच्या शेतांत जी खासगी गोदामे उभी राहतील, त्यांची जागा कोण ठरवणार?

याचे उत्तर भिवंडीत पाहायला मिळते. मुंबईची जकात चुकवण्यासाठी माल शहराबाहेर उतरवण्याची सोय झाली आणि भाताची खाचरे भरून एकामागून एक गोदामे उठली. बहुतेकांच्या हाती ग्रामपंचायतीचा परवाना, तोही अनेकदा नियमात न बसणारा. सरकारने 2007 साली आसपासच्या गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, तोवर बरेच बांधून झाले होते. नंतर बेकायदा गोदामांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. वाहतूक कोंडी आणि गोदामांच्या आगी भिवंडीकर अजून सोसत आहेत.

वर्ध्याला हे टाळता येईल, कारण इथे सुरुवात आत्ता होते आहे.

कायद्याची अडचण मात्र खरी आहे. जमीनवापराचा विकास आराखडा करण्याचा अधिकार नगर परिषदेला आहे, ग्रामपंचायतीला नाही. आणि गोदामाला लागणारी मोठी, सलग, स्वस्त जमीन गावातच मिळते. विशेष प्राधिकरण नेमले की नियोजनाची सूत्रे मुंबईच्या कार्यालयात जातात. समृद्धीलगतच्या नवनगरांसाठी राज्य रस्ते विकास महामंडळाला (एमएसआरडीसी) असेच अधिकार मिळाले. तरीही गावाच्या हाती काहीच नाही असे नाही. ग्रामपंचायत विकास आराखडा दरवर्षी करावाच लागतो. पंचायती आणि नगर परिषदांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा मसुदा बनवणे हे तर जिल्हा नियोजन समितीचे घटनादत्त काम आहे. प्रत्यक्षात समितीची बैठक निधीवाटपात संपते. रस्ता, सभामंडप, हायमास्ट दिवा यांच्या यादीत जमिनीच्या वापराचा विषय क्वचितच येतो.

तो यावा, आणि बारीकसारीक तपशिलांसह यावा. पांदण रस्त्याचेच पाहा. काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टरही रुततो. बंडी असो की ट्रॅक्टर, शेतात जायला पांदणच लागते. गोदामवाला चार शेतकऱ्यांची जमीन घेऊन भिंत घालतो तेव्हा पाचव्या शेतकऱ्याची वाट बुजते. सातबाऱ्यावर त्याचे काहीच गेलेले नसते, म्हणून मोबदलाही नसतो. भरावामुळे नाल्याचे पाणी फिरले की खालच्या वावरातले सोयाबीन पिवळे पडते. पांदण आणि नाले आधी नकाशावर आखून, त्यांना हात न लावण्याची अट घालूनच ना-हरकत द्यावी. बोर प्रकल्पाच्या कालव्याखालची ओलिताची जमीन तर पूर्णपणे वगळावी. ट्रक उभे करायची जागा, ड्रायव्हरसाठी संडास-अंघोळीची सोय आणि आगीसाठी पाण्याची टाकी गोदामाच्याच आवारात हवी.

आणखी एक मागणी गावांनी नेटाने लावून धरावी. नव्या गोदामांत स्थानिक शेतमालासाठी राखीव जागा हवी. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन निघते, आवक वाढते आणि भाव पडतो. उसनवारी फेडायची म्हणून शेतकरी त्याच भावात विकून मोकळा होतो. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, 180 दिवसांची मुदत. योजना चांगली आहे, पण गावाजवळ गोदाम नसेल तर ती कागदावरच राहते. ज्या तालुक्यात जवाहरलाल नेहरू बंदरासाठी एकरांनी जागा निघते, तिथे शे-दोनशे पोत्यांसाठी जागा निघालीच पाहिजे.

जमिनीचे दलाल गावोगाव फिरू लागले की गावाची सौदा करण्याची ताकद दिवसागणिक घटते. म्हणून सेलू, देवळी, आर्वी आणि वर्धा तालुक्यांतल्या सरपंचांनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, तलाठ्याकडून गावनकाशा मागवून कोणत्या गटात गोदाम चालेल आणि कोणत्या गटात नाही याचा ठराव करावा, आणि तो जिल्हा नियोजन समितीकडे पाठवून त्याची पोच घ्यावी.